रोह्याला नेलेला गणपती

निकेशने लॅपटॉप उघडला तेव्हा कारखान्यातल्या सगळ्या बाया हातातले ब्रश टाकून धावल्या. मीही उठलो. साठी ओलांडलेल्या माणसाने असं धावू नये, पण माझ्या पुतण्याने आणलेली ती वस्तू बघायला रामवाडीतले निम्मे शेजारी दारात जमले होते. मी एकटाच पाटावर बसून राहिलो असतो तर तेही बरं दिसलं नसतं. हे अठ्ठ्याण्णव सालच्या एप्रिलमधलं सांगतोय.

आधी माझी ओळख सांगतो. मी हैबतराव. पेणला आमचा गणपतींचा कारखाना आहे आणि त्यात माझं काम एकच, आखणी. आखणी म्हणजे मूर्तीला डोळे काढणं. साच्यातून काढणं, घासणं, अंगाला रंग देणं, मुकुट, दागिने हे सगळं इतरांनी करायचं आणि शेवटी मूर्ती माझ्या पाटासमोर यायची. पापणीची रेघ, बुबुळ, भुवई. चाळीस वर्षं मी एवढंच केलं आणि त्याचा मला भलताच माज होता. माझी बायको शांती सोवळं रंगवायची, म्हणजे मूर्तीचं धोतर आणि त्याचे काठ. आखणीच्या पाटावर बाईने बसायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती. ती मीच पाडली होती. का, ते विचारू नका, तेव्हाही मला सांगता आलं नसतं.

परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या मे महिन्यातच पेट्यांत भराव्या लागतात. मुंबईच्या व्यापाऱ्यांना दाखवायला आम्ही फोटोंचा अल्बम ठेवायचो. निकेशच्या डोक्यात आलं की अल्बम जुना झाला, आता फोटो लॅपटॉपवर दाखवायचे. रोह्याला एक कॉम्प्युटरचं दुकान होतं. धाटावच्या केमिकल कंपन्यांना माल पुरवणारं, म्हणून त्यांच्याकडे लॅपटॉपही असायचे. तिथून त्याने तो घेतला आणि गेल्या वर्षीचे आणि यंदाचे असे सगळे फोटो तिथेच स्कॅनरवर टाकून त्यात भरून आणले.

पडदा उजळला आणि बाया एकदम "अगो बाई" म्हणाल्या. मग जरा वेळाने शकू म्हणाली, "ह्यो काला कशाला दिसतं?"

शकू धरमतरच्या खाडीकडची, तोंडाने फटकळ. ती डाव्या बाजूला उभी होती. तिला गणपती काळा दिसत होता, उजवीकडच्या बायांना पांढराफटक. मान हलवली की पिवळ्याचं जांभळं व्हायचं. निकेश मधोमध बसला होता, त्याचा चेहरा पडत चालला.

"समोरून बघा, समोरून," तो म्हणाला. "समोरून बरा दिसतो."

मी त्याला उठवलं आणि बरोबर समोर बसलो. पडद्यावर एक शेंदरी गोळा होता, त्यावर मुकुटाचा पिवळा डाग. आणि डोळ्यांच्या जागी नुसतं फरकटलेलं! माझी पापणीची रेघ केसाएवढी असते. ती तिथे नव्हतीच. काजळ घातलेल्या पोराने रडत डोळे चोळावेत तसे माझे डोळे दिसत होते. मला धक्काच बसला. हे लंडनच्या गिऱ्हाइकाला दाखवणार? हे हैबतरावचं काम म्हणून?

"निकेश, तुला फसवलंय," मी म्हणालो. "ही मशीन परत कर."

"काका, बाजूने खराब हाय ते मान्य. पण समोरून रेघा दिसतात की."

"कुठं दिसतात? मला आखणी शिकवतोस? चाळीस वर्षं मी रेघाच बघतोय."

शांती मागे उभी होती. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. एरवी मी ओरडलो की ती मला दोन शब्द सुनावल्याशिवाय राहत नसे.

खरं तर त्या वर्षी मी सगळ्यांवरच ओरडत होतो. बल्ब मी तीनदा बदलायला लावला, कारण उजेड पिवळट पडायचा. ब्रशवाल्याला शिव्या दिल्या, कारण ब्रशचे केस फाटत होते. काळा रंग पातळ येतो म्हणून मुंबईला फोन केला. आता त्यात लॅपटॉपची भर पडली. जगात कोणाला धड वस्तू बनवता येत नाही असं माझं मत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन दुकानदाराला जाब विचारायचा असं ठरलं. निकेश म्हणाला मी एकटा जातो. मी म्हणालो, तुला ते गुंडाळतील, मी येतो. आणि नुसतं तोंडाने सांगून भागणार नाही, म्हणून खरी मूर्ती सोबत न्यायची. पडद्यावरचा गणपती आणि हातातला गणपती शेजारी ठेवायचे, बघू दे त्यांना काय फरक आहे तो. ही अक्कल माझीच.

सकाळी लवकर कारखान्यात गेलो, एक फूटभर उंचीची मूर्ती पाटावर घेतली आणि ताजी आखणी केली. हात झरझर चालला. इतका की माझं मलाच बरं वाटलं. रेघ वाळल्यावर मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकला. मूर्ती कारखान्यातून बाहेर नेताना तोंड झाकूनच न्यायची असते.

तेवढ्यात शांती आली. रुमालाकडे बघून ती थबकलीच.

"तो नका नेऊ," ती म्हणाली. "फळीवरचा न्या. तिथं किती तयार हायत."

"फळीवरच्यांवर धूळ बसलीय. हा आताच काढलाय."

"अहो ऐका ना. फळीवरचा न्या."

"शांते, तू काठ रंगव. कुठला गणपती न्यायचा ते मला कळतं."

ती पुढे आली, मूर्तीला हातही लावला. मी तो बाजूला केला. तिच्या तोंडावर जे होतं ते मला हट्टासारखं वाटलं. आम्ही निघालो.

स्टँडवर रोह्याची एस.टी. लागलेलीच होती. निकेशच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या मांडीवर गणपती. गडबला एक म्हातारी चढली, ती माझ्या मांडीकडे बघतच राहिली. "चैतात गणपती? कुठं बसवताव?" मी म्हणालो, "कॉम्प्युटरच्या दुकानात." तिने तरी हात जोडले. मग कंडक्टरनेही जोडले आणि मागच्या माणसाने खिडकी लावून घेतली, मूर्तीवर धूळ नको म्हणून. भिसे खिंडीच्या वळणांवर मी दोन्ही हातांनी मूर्ती धरून बसलो आणि दुकानात काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी केली. फार छान छान वाक्यं सुचली होती.

दुकानात दिशा नावाची मुलगी होती. मालक मुंबईला गेला होता. कंपनीतले दोघे शर्टपँटवाले प्रिंटरची शाई घ्यायला आले होते. दिशा वयाने विशीतली, पण अजिबात घाबरली नाही. निकेशची तक्रार तिने नीट ऐकून घेतली.

"हा पडदा असाच असतो," ती म्हणाली. "स्वस्तातल्या मॉडेलला हाच येतो. बाजूने बघितलं की रंग पालटतात. समोरूनही थोडा धूसर असतो. महागातला बघायचाय का? आताच कंपनीसाठी आलाय."

"दाखव," मी म्हणालो.

तिने आतून दुसरा लॅपटॉप आणला, आमच्याशेजारी ठेवला, फ्लॉपीने यंदाचा एक फोटो त्यात चढवला. दोन पडदे, त्यावर तोच एक गणपती. शर्टपँटवाले पुढे सरकले.

"आयला!" त्यातला एक म्हणाला. "काय फरक हाय!"

निकेशने दोन्ही पडदे आळीपाळीने बघितले. मग हळूच म्हणाला, "काका, बघा. मुकुटावरचे खडे मोजता येतात."

मी बघितलं. ह्या पडद्यावर शेंदरी गोळा होता आणि त्या पडद्यावर शेंदरी गोळा होता. दोन्हीकडे पिवळा डाग. दोन्हीकडे डोळे फरकटलेले. मी पुढे वाकलो. मागे झालो. चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा घातला. काही फरक नाही.

मला खरंच वाटलं की हे सगळे मिळून माझी चेष्टा करतायत. मुलगी तर दुकानाचीच, तिला महागातला खपवायचाय. शर्टपँटवाले तिचे ओळखीचे. पण निकेश? त्याला कधी फितवलं? माझं डोकं तापलं.

"फरक कसला? दोन्ही तितकेच भिकार!" मी ओरडलो. "फरक बघायचा असेल तर हा बघा. ह्याला म्हणतात रेघ!"

आणि मी टेबलावर मूर्ती ठेवून रुमाल ओढला.

मला वाटलं होतं आता "वा" येईल. चाळीस वर्षं रुमाल काढला की "वा" आलेली आहे. कोणीच बोललं नाही. एक शर्टपँटवाला हसायला लागला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

"बोला की," मी म्हणालो.

दिशाने निकेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"काका, पडद्यावरचे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "दोन्ही पडद्यांवर. ह्या मूर्तीचाच एक डोळा खाली आलाय. गालावर."

मी हसलो. खरंच हसलो. मूर्ती उचलली आणि दाराशी उन्हात नेली. तोंडाजवळ धरली, लांब धरली. शेंदरी गोळा आणि त्यावर फरकटलेलं. मूर्ती वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तेव्हा कुठे एक काळं काहीतरी दिसलं, ते जिथे असायला हवं त्याच्या बोटभर खाली. दुसरी बाजू बघितली. बुबुळ पापणीच्या बाहेर होतं.

मी पायरीवर बसलो. हे माझ्याच हाताने, आज सकाळी, झरझर.

निकेश आला. त्याने माझ्या हातातला रुमाल घेतला आणि मूर्तीच्या तोंडावर पुन्हा टाकला. त्याने तसं करायला नको होतं असं मला वाटलं, आणि त्याने केलं नसतं तर मी काय केलं असतं तेही कळेना.

लॅपटॉप बदलायचं कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मिळाली ती एस.टी. धरली. नागोठण्याला निकेश म्हणाला, "काका, मोतीबिंदू असंल. आता ऑपरेशन सोपं हाय." मी मान हलवली. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. माझी रेघ अशी पडत असेल, तर फोटोंतले डोळे चांगले कसे? त्यांत ह्या वर्षीचेही होते. त्या मूर्ती माझ्याच पाटावरून उठल्या होत्या.

पेणला उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. रोज ह्या वेळी मी घरी जेवून आडवा झालेला असतो. दोन तास झोप, मग चहा, मग कारखाना. दुपारच्या वेळी मी कधी कारखान्यात पाऊल टाकत नाही हे सगळ्यांना माहीत. मी सरळ कारखान्यात गेलो.

माझ्या पाटावर शांती बसली होती.

शकू तिच्यासमोर एक मूर्ती धरून फिरवत होती. शेजारी वाडग्यात पाणी, ओलं फडकं, आणि अंगाच्या रंगाची वाटी. फडक्याने जुनी रेघ पुसायची, डाग पडला की त्यावर अंगाचा रंग, तो वाळला की नवी रेघ. डाव्या फळीवर माझ्या झालेल्या मूर्ती होत्या, उजव्या फळीवर तिच्या. ब्रश माझा होता.

शकूने मला आधी बघितलं आणि मूर्ती तिच्या हातातून सुटता सुटता राहिली. शांतीने मान वर केली. उठली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून."

"किती?"

तिने ब्रश खाली ठेवला. शकूनेच सांगितलं. "सगले, काका. येकपण सोडला नाय."

तीन महिने. मी रोज सकाळी डोळे काढत होतो आणि माझी बायको रोज दुपारी ते पुसत होती. फेब्रुवारीत मुंबईचा व्यापारी येऊन म्हणाला होता की यंदाचे डोळे जिवंत वाटतात, आणि मी मिशीला पीळ दिला होता. शांती तेव्हा त्याला चहा देत होती. मला इतकी लाज वाटली की ती रागाच्याच वाटेने बाहेर आली.

"मला सांगायचं नाय?" मी ओरडलो. "सगल्या कारखान्याला माहीत आणि मी येडा?"

"सांगितलं," शांती म्हणाली. "दिवाळीत सांगितलं, डोळे दाखवून या. तुमी म्हणालात बल्ब बदला. पौषात सांगितलं, तुमी ब्रशवाल्याचा उद्धार केलात. मग मी काय करायचं होतं? वाकड्या डोळ्याचे गणपती लोकांच्या देवघरात पाठवायचे? तुमच्या नावाने?"

मी निघून घरी गेलो.

त्यानंतर दोन-अडीच महिने मी कारखान्यात गेलो नाही. परदेशच्या पेट्या भरल्या गेल्या, ठोकल्या गेल्या, ट्रकमध्ये चढल्या. मी ओसरीवर बसून हातोड्यांचे आवाज ऐकले. शांती रोज सकाळी माझ्या पाटावर जाऊन बसायची, आता उघडपणे, आणि संध्याकाळी घरी येऊन भाकऱ्या थापायची. त्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की ऑपरेशन व्हावं आणि पाट परत मिळावा. एका डोळ्याचं झालं, मग दुसऱ्याचं. डॉक्टर म्हणाले, छान झालं, नवा चष्मा मिळाला की बारीक काम खुशाल करा.

नवा चष्मा मिळाला त्या सकाळी मी पहिल्यांदा भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तिथ्या वाचल्या. मग शांतीकडे बघितलं. तिचे केस किती पांढरे झाले होते ते मला माहीतच नव्हतं.

"पाट पुसून ठेवलाय," ती म्हणाली. "इथल्या गिऱ्हाइकांच्या मूर्ती तयार हायत. आजपासून तुमी बसा."

हेच ऐकायला मी थांबलो होतो. कारखान्यात गेलो तर सगळ्या बाया काम थांबवून बघत होत्या. पाट स्वच्छ, ब्रश धुतलेले, समोर पहिली मूर्ती, बिनडोळ्यांची. निकेश कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. मी म्हणालो, आधी तुझी ती भिकार मशीन दाखव, आता बघतो.

बाजूने बघितलं तर गणपती काळाच. शकू खरं बोलत होती. समोर बसलो. धूसर होता पडदा, दिशाने सांगितल्यासारखाच, पण रेघा दिसत होत्या. निकेशने आधी गेल्या वर्षीचा फोटो लावला. माझं काम. रेघ ताठ, नेमकी, कुठे चुकलेली नाही. मला बरं वाटलं. मग त्याने यंदाचा लावला.

मी त्याला परत मागे जायला सांगितलं. मग परत पुढे. पाच-सहा वेळा तसं केलं असेल.

माझे गणपती समोर बघत होते. तिचे गणपती बघणाऱ्याकडे बघत होते. तिने वरची पापणी किंचित खाली घेतली होती, आणि बुबुळ त्या पापणीला जरासं टेकवलं होतं. मी ते चाळीस वर्षं मोकळं ठेवत आलो होतो. केवढासा फरक, एका रेघेचा. त्या मूर्ती तर बोटीतून निघून गेल्या होत्या, माझ्याकडे राहिला होता तो हा धूसर पडदा, आणि त्या धूसर पडद्यावरसुद्धा ते कळत होतं. मला मत्सर वाटला, माझ्या स्वतःच्या बायकोचा, आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

मी उठलो. पाटाजवळ गेलो. सगळ्या बाया अजून बघतच होत्या. शांती आपल्या जुन्या जागी जाऊन बसली होती आणि पिवळ्या रंगाचा डबा उघडत होती.

"शांते," मी ओरडलो. माझा आवाज नेहमीसारखाच आला, चिडका. "तो डबा इकडं दे."

"का? काय झालं?"

"पाट रिकामा हाय. बसतेस का आता, का मी मुहूर्त काढू?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग बायांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी चेष्टा करतोय की काय ते ती ताडत होती. मी तिच्या हातातला डबा घेतला आणि तिच्या जागेवर मांडी घालून बसलो. सोवळ्याचा काठ मी जन्मात रंगवला नव्हता. शकूने माझ्यापुढे मूर्ती सरकवली, तोंडाला पदर लावून.

शांती पाटावर बसली. मी मान वर करून बघितलं. पहिली रेघ तिने डाव्या डोळ्यापासून सुरू केली, बाहेरून आत. मी नेहमी उजव्यापासून आतून बाहेर काढायचो. ती काढत असताना मला प्रत्येक केस दिसत होता, ब्रशचा.

मग तिने माझ्याकडे न बघताच म्हटलं, "अहो, तुमचा काठ घोट्यावर उतरला. पुसा तो. वाळायच्या आत."

मी फडकं शोधायला लागलो.